‘तुमच्यासाठी’ हे शब्द कोणाच्या घरी पोहोचले नाहीत?

छिंदवाडा जिल्ह्यातील एका लुथरन मंडळीच्या सचिवांनी मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या चर्चमध्ये दहा-बारा वर्षांपूर्वी रविवारच्या उपासनेला सव्वाशेच्या आसपास माणसे येत, आता पन्नास आली तरी समाधान मानावे लागते. दृढीकरण झालेली, म्हणजे विश्वासाचे शिक्षण घेऊन मंडळीत जाहीर कबुली दिलेली मुले दुसऱ्या फेलोशिपच्या, म्हणजे इतर ख्रिस्ती प्रार्थनागटांच्या, प्रार्थनांना जाऊ लागली आहेत. उपाय काय, यावर समितीत दोन मते पडली आहेत. काहींना मंडप घालून, बाहेरचे वक्ते बोलावून तीन दिवसांची सुवार्तासभा घ्यायची आहे, तर काहींच्या मते आजच्या धर्मांतरविषयक कायद्याच्या वातावरणात चर्चच्या फाटकाबाहेर काहीच करू नये. लुथरन माणसाने सुवार्तासेवा करायची तरी कशी आणि सुरुवात कोठून करायची, असे सचिवसाहेब विचारतात. पत्राच्या शेवटी त्यांनी एका संत्रा बागायतदाराचा उल्लेख केला आहे, जो समितीशी झालेल्या भांडणानंतर पाच वर्षांत चर्चची पायरी चढलेला नाही. त्याच्याकडे मी शेवटी येईन, कारण माझ्या दृष्टीने प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या एका ओळीत आहे.

मी बत्तीस वर्षे याच पट्ट्यात पाळक म्हणून सेवा केली. पांढुर्णा-सौंसरकडे उपासना हिंदीत होते आणि घरी गेल्यावर माणसे मराठीत बोलतात, रडतात आणि प्रार्थना करतात. स्वीडिश मिशनरी १८७७ साली मध्य भारतात आले ते मुख्यतः गोंड लोकांमध्ये काम करण्याच्या इराद्याने, आणि त्या कामातून उभ्या राहिलेल्या मंडळ्यांचे आपण वारसदार आहोत. या अनुभवावरून मला प्रथम हे सांगावेसे वाटते की समितीतील दोन्ही मते एकाच गैरसमजावर उभी आहेत. सुवार्तासेवा म्हणजे मंडळीच्या रोजच्या जीवनाहून वेगळा, तारीख ठरवून करायचा कार्यक्रम, असे दोन्ही बाजूंनी धरून चालले आहे. एकाला तो कार्यक्रम हवा आहे आणि दुसऱ्याला त्याची भीती वाटते, एवढाच काय तो फरक.

१५३० च्या ऑग्सबर्गच्या विश्वासांगीकारात, म्हणजे लुथरन मंडळ्यांच्या मूळ विश्वासपत्रात, मंडळीची व्याख्या फार थोड्या शब्दांत केली आहे. जेथे शुभवर्तमान शुद्धपणे शिकवले जाते आणि संस्कार, म्हणजे बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन, योग्य रीतीने दिले जातात अशी विश्वासणाऱ्यांची सभा म्हणजे मंडळी. त्या व्याख्येत इमारत नाही आणि संख्याही नाही. त्याच्या आदल्या वर्षी, १५२९ साली, जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने लहान प्रश्नोत्तरी हे विश्वासाची मूलतत्त्वे शिकवणारे छोटे पुस्तक लिहिले. त्यात पवित्र आत्म्याविषयीच्या कलमाचे स्पष्टीकरण करताना तो म्हणतो की मी माझ्या बुद्धीने किंवा सामर्थ्याने येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवू शकत नाही, तर पवित्र आत्म्याने मला शुभवर्तमानाच्या द्वारे बोलावले आहे. हे वाक्य आपण सगळ्यांनी लहानपणी पाठ केले आहे, पण त्याचा सुवार्तासेवेशी काय संबंध आहे हे फार थोड्यांना शिकवले गेले. मी स्वतः माझ्या बळावर विश्वास ठेवू शकत नसेन, तर दुसऱ्याच्या मनात विश्वास निर्माण करणे तर मुळीच माझ्या हाती नाही. माझ्याकडे आहे ते वचन स्पष्ट सांगणे, संस्कार देणे आणि माणसाजवळ बसणे. परिणामाचा हिशेब माझ्याकडे नाही. हे मनापासून पटले की आमिष दाखवण्याची गरज उरत नाही, आकडे फुगवण्याची गरज उरत नाही आणि घाईही उरत नाही. मला वाटते, लुथरन सुवार्तासेवेची सारी शांतता याच एका वाक्यातून येते.

आता ‘तुमच्यासाठी’ या शब्दाविषयी. प्रभुभोजनाबद्दल त्याच प्रश्नोत्तरीत लूथर सांगतो की केवळ खाण्यापिण्याने काही होत नाही, तर ‘तुमच्यासाठी दिलेले’ हे शब्द त्या संस्काराचा गाभा आहेत, आणि त्या शब्दांवर जो विश्वास ठेवतो तोच खऱ्या अर्थाने योग्य ठरतो. हे मी वर्षानुवर्षे शिकवले, पण मला ते कळले एका आजीबाईंच्या खाटेजवळ. माझ्या सेवेच्या पाचव्या-सहाव्या वर्षी मी एका खेड्यात त्यांना घरी प्रभुभोजन देण्यासाठी गेलो होतो. लहानशी पेटी उघडली, खाटेशेजारच्या स्टुलावर पांढरा रुमाल अंथरला, भाकर आणि प्याला ठेवला आणि सवयीप्रमाणे विधी हिंदीत सुरू केला. आजींची नजर छताकडे होती. त्यांना ऐकू कमी येते, असे सुनेने मला आधीच सांगितले होते. भाकर हाती देताना का कोण जाणे, माझ्या तोंडून मराठीत शब्द गेले, “आजी, हे ख्रिस्ताचे शरीर आहे, तुझ्यासाठी दिलेले.” त्यांनी मान वळवली, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “माझ्यासाठी?” मी पुन्हा सांगितले. त्यांनी भाकर घेतली आणि पुढचा विधी संपेपर्यंत माझे मनगट धरून ठेवले. त्या चाळीस वर्षांहून अधिक काळ मंडळीत होत्या. इतकी वर्षे त्या शब्दांना कान देत आल्या होत्या, पण ते आपल्यालाच उद्देशून आहेत असे त्यांना त्या दिवशी प्रथम वाटले असावे.

तेव्हापासून माझ्यापुरती सुवार्तासेवेची व्याख्या ठरली आहे. ‘तुमच्यासाठी’ हे शब्द ज्याच्यापर्यंत त्याच्या भाषेत आणि त्याच्या घरात अजून पोहोचलेले नाहीत, त्याच्याकडे जाणे. ही काही माझी नवी कल्पना नाही. १७०६ च्या जुलैमध्ये बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग आणि हाइनरिख प्लुत्शाउ हे जर्मन लुथरन मिशनरी तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगमबाडीला उतरले, तेव्हा त्सीगेनबाल्गने पहिले काम केले ते तमिळ शिकण्याचे, तेही शाळेतल्या मुलांबरोबर वाळूत अक्षरे गिरवत. १७१५ साली नवा करार तमिळमध्ये छापून तयार होता आणि १७३३ साली आरोन हे पहिले भारतीय लुथरन पाळक म्हणून दीक्षित झाले. ज्याच्याशी बोलायचे त्याची बोली आधी शिकायची, हा क्रम तेव्हापासूनचा आहे. आपल्या बाजूला मराठी घरांमध्ये ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचे अभंग लोकांच्या ओठांवर आहेत. टिळक लुथरन नव्हते, पण त्यांचा एक अभंग घरी म्हटला की जी आजी हिंदी गीतांच्या वेळी गप्प बसते ती टाळ्यांचा ठेका धरते. घरच्या प्रार्थनेत मराठी चालू द्यावी, रविवारी एक तरी गीत आणि एक तरी पाठ मराठीत असावा, असे मी आपल्याला आग्रहाने सुचवीन.

यानंतर मी आपल्याला मंडळीची नोंदवही काढायला सांगेन. बाप्तिस्म्याची, दृढीकरणाची, लग्नाची आणि दफनाची अशा सगळ्या नोंदी समोर ठेवून, मागील वीस वर्षांत ज्यांची नावे या वहीत आली आणि जे आज बाकावर दिसत नाहीत, त्यांची यादी करावी. नागपूर-पुण्याला नोकरीसाठी गेलेले वेगळे लिहावेत, कारण त्यांचा फोन नंबर मिळवून तेथील एखाद्या मंडळीशी गाठ घालून दिली की बरेचसे काम होते. उरलेल्या नावांपुढे, ते का येत नाहीत याविषयी आपल्याला जे ‘माहीत’ आहे ते लिहू नये. ते जाऊन विचारावे. मी हे प्रथम केले तेव्हा एका मध्यम मंडळीत साठाहून अधिक नावे निघाली. आम्ही ज्यांना ‘थंड पडलेले’ म्हणत होतो त्यांच्यापैकी बहुतेकांच्या विश्वासाला काहीच झाले नव्हते. कोणाची आई अंथरुणाला खिळली असताना मंडळीतून कोणी फिरकले नव्हते, कोणाच्या लग्नात जात काढली गेली होती, कोणाकडे चर्चमध्ये घालण्यासारखे कपडे नव्हते आणि ते सांगायची लाज वाटत होती.

जातीचा आणि ‘कंपाउंडा’चा विषय येथे टाळता येणार नाही. आपल्या जुन्या मंडळ्यांमध्ये मिशन कंपाउंडात तीन-चार पिढ्या वाढलेली घराणी आहेत आणि नंतर बाहेरून आलेली कुटुंबे आहेत. पाठ कोणी वाचायचा, दानाची थैली कोणी फिरवायची, समितीत कोणी बसायचे, हे न बोलता ठरलेले असते. तरंगमबाडीच्या १७१८ च्या न्यू जेरुसलेम चर्चमध्ये वेगवेगळ्या जातींचे विश्वासणारे वेगवेगळे बसत, ही आपल्या इतिहासातील दुखरी गोष्ट आहे. आज बाके एकच आहेत, पण चहाच्या वेळी अंगणात कोण कोणाजवळ उभे राहते ते एका रविवारी नीट पाहा. नव्याने आलेल्या माणसाला वर्षभरात एकदाही पाठ वाचायला मिळत नसेल, तर मंडप कितीही मोठा घातला तरी मंडपातून येणारा माणूस आपल्याकडे फार दिवस टिकणार नाही. ‘तुमच्यासाठी’ हे शब्द तो वेदीजवळ ऐकेल आणि अंगणात त्याच्या उलट ऐकेल, आणि माणसे अंगणातलेच जास्त लक्षात ठेवतात.

मंडपाविषयी मी अनुभवाने बोलतो. एकदा आम्ही अशी तीन दिवसांची सभा घेतली होती आणि तिचा संयोजक मीच होतो. वक्ते चांगले होते आणि गर्दीही झाली. पण पुढच्या रविवारी जे दोन अनोळखी तरुण उपासनेला आले, त्यांना कोणती गीतपुस्तिका घ्यायची हे कोणी सांगितले नाही, उपासनेत केव्हा उठायचे आणि केव्हा बसायचे हे त्यांना कळेना, आणि शेवटच्या आशीर्वादानंतर आम्ही सगळे हिशेबाच्या बैठकीला बसलो. ते पुन्हा आले नाहीत. त्यांची नावेही आम्ही विचारली नव्हती, याचे मला आजही वाईट वाटते. सभा घेऊच नये असे मी म्हणत नाही, पण येणाऱ्या माणसाशेजारी बसणारा माणूस आधी तयार असला पाहिजे. उपासनाक्रम आपल्याला श्वासासारखा सवयीचा असतो, नवख्याला तो अनोळखी घरातल्या जिन्यासारखा वाटतो. शेजारी बसून पानावर बोट ठेवणारी एखादी काकू ही त्या दिवशीची खरी सुवार्तिक असते.

घरभेटींनाच मी एवढे महत्त्व का देतो, यामागेही लुथरन शिकवणुकीचा आधार आहे. १५३७ च्या श्माल्काल्डच्या लेखांमध्ये, म्हणजे आपल्या आणखी एका विश्वासपत्रात, लूथर शुभवर्तमान आपल्यापर्यंत कोणत्या मार्गांनी येते हे सांगतो. त्यात उपदेश, बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि पापक्षमेची घोषणा यांच्या जोडीला तो भावाभावांमधील परस्पर संभाषण आणि सांत्वन हेही गणतो. म्हणजे ओसरीवर चहा घेत दुसऱ्याचे दुःख ऐकणे आणि त्याला वचनाचा एखादा शब्द देणे, हा जोडधंदा नसून कृपेच्या मार्गांपैकी एक आहे. हे काम एकट्या पाळकाचे नाही. माझ्या मंडळीत आम्ही दोघादोघांच्या जोड्या केल्या होत्या. शक्यतो एक स्त्री आणि एक पुरुष, नाहीतर नवरा-बायको, आणि प्रत्येक जोडीकडे सहा घरे. महिन्यातून एकदा जायचे, अर्धा तास बसायचे, त्यातली वीस मिनिटे ऐकायचे. शेवटी स्तोत्रसंहितेतील काही ओळी वाचायच्या आणि घरातल्या प्रत्येकाचे नाव घेऊन छोटी प्रार्थना करायची. वर्गणीचा विषय त्या भेटीत काढायचा नाही, हा नियम मी कडकपणे पाळायला लावला. तरुण ज्या फेलोशिपकडे जातात त्यांच्याबद्दल वाईट बोलण्याऐवजी हे पाहावे की तेथे त्यांचे नाव घेऊन कोणीतरी प्रार्थना करते, परीक्षेच्या आदल्या रात्री फोन करते. हे करायला आपल्याला कोणत्या सिद्धान्ताची आडकाठी आहे?

दृढीकरणाच्या वर्गाबाबत थोडक्यात सांगतो. आपण मुलांकडून प्रश्नोत्तरी पाठ करून घेतो आणि पहिल्या प्रभुभोजनानंतर त्यांना मोकळे सोडतो. लूथरने ते पुस्तक घरासाठी लिहिले होते. कुटुंबप्रमुखाने आपल्या घरच्यांना सोप्या रीतीने शिकवावे, असे त्याने प्रत्येक भागाच्या आरंभी नमूद केले आहे. तेव्हा वर्गाला आई-वडिलांपैकी एकाने बसावे, आणि दृढीकरणानंतरच्या वर्षभरात त्या मुलाला भेटीच्या एखाद्या जोडीबरोबर तिसरा म्हणून न्यावे. ज्या मुलाने आजारी माणसाच्या खाटेजवळ उभे राहून स्तोत्र वाचले आहे, त्याला मंडळी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही.

आता कायद्याची भीती. ती निराधार नाही, म्हणून ती बाळगणाऱ्या सभासदांना भित्रे म्हणू नये. या प्रदेशात हा विषय जुना आहे. मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करण्यासाठी सरकारने नेमलेल्या नियोगी समितीचा अहवाल १९५६ साली निघाला तेव्हा नागपूर हीच मध्य प्रदेशाची राजधानी होती, आणि शाळा, दवाखाने व पैसा यांच्या आधारे धर्मांतरे घडवली जातात, हा त्या अहवालातील मुख्य आक्षेपांपैकी एक होता. पुढे मध्य प्रदेशाचा १९६८ चा धर्मस्वातंत्र्य कायदा आला. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की संविधानाच्या अनुच्छेद २५ मधील प्रचाराचा हक्क म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगण्याचा हक्क, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा नव्हे. सध्याच्या २०२१ च्या कायद्यात बळजबरी, फसवणूक आणि प्रलोभन यांना शिक्षा आहे आणि प्रलोभनात भेटवस्तू, नोकरी, शिक्षण यांचाही समावेश होतो. धर्म बदलू इच्छिणाऱ्याने आणि तो विधी करणाऱ्या धर्मगुरूनेही ६० दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवावे, अशी तरतूद त्यात आहे. यातील काही भागांवर न्यायालयात वाद चालला आहे, म्हणून बाप्तिस्म्याचा प्रश्न येईल तेव्हा जाणत्या वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये आणि कागदोपत्री काहीही अर्धवट ठेवू नये.

परंतु मला कायद्यापेक्षा आपल्या अंतःकरणाविषयी अधिक बोलायचे आहे. आमिष दाखवून विश्वास निर्माण होत नाही, हे आपल्याला सरकारने सांगण्याची गरज नव्हती, ते प्रश्नोत्तरीतच होते. १५२० साली ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्याविषयी लिहिताना लूथरने म्हटले की ख्रिस्ती मनुष्य सर्वांचा स्वतंत्र स्वामी आहे, तो कोणाच्या अधीन नाही, आणि ख्रिस्ती मनुष्य सर्वांचा सेवक आहे, तो सर्वांच्या अधीन आहे. देवाजवळ आपल्याला काही कमवायचे उरलेले नाही, म्हणून आपले हात शेजाऱ्यासाठी मोकळे आहेत. शेजाऱ्याची सेवा ही त्याला चर्चमध्ये आणण्याची पहिली पायरी नसते, ती स्वतः पूर्ण असते. बैतूल जिल्ह्यात पाढर येथे १९५८ साली डॉ. क्लेमेंट मॉस यांनी उभे केलेले रुग्णालय आपल्याच मंडळीचे आहे, आणि तेथे येणाऱ्या आदिवासी आणि शेतकरी रुग्णाला गरज असते ती उपचारांची. उपचार प्रामाणिकपणे मिळाले की देवाची आज्ञा पाळली गेली. आपण हे का करता, असे कोणी विचारले तर मात्र गप्प राहू नये. पेत्राच्या पहिल्या पत्रातील तिसऱ्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे आपल्या आशेचे कारण सौम्यतेने आणि आदराने सांगावे. विचारणाऱ्याला उत्तर देणे हे प्रलोभन होत नाही. आणि जो विचारत नाही त्याच्या शेतात कापणीला मदतीला गेलो म्हणून आपले काही वाया जात नाही.

गरजूंना मदत करताना पैशांची रीत चोख असावी. लाइस्निग या सॅक्सनीतील गावासाठी १५२३ साली सार्वजनिक पेटीचे नियम ठरले आणि लूथरने त्यांना प्रस्तावना लिहिली. चर्चमधील त्या पेटीला चार वेगवेगळी कुलुपे होती. सरदार, नगरसभा, नागरिक आणि शेतकरी यांच्याकडे एकेक किल्ली होती, त्यामुळे चौघे जमल्याखेरीज ती उघडत नसे. आपल्याकडे एवढ्या किल्ल्या नकोत, पण दान टेबलावर दोघांनी मोजावे, आकडा त्याच दिवशी फळ्यावर लिहावा, आणि मदतनिधीविषयी निर्णय घेणाऱ्या तिघांत एक स्त्री व एक तरुण असावा. हंगामाच्या सणाला आपल्याकडे ज्वारी, तूर, संत्री, कोंबडी वेदीपुढे येतात आणि उपासनेनंतर अंगणात लिलाव होतो. त्या लिलावाची एक ठरावीक रक्कम धर्म न पाहता गावातील आजारी माणसांसाठी बाजूला काढावी आणि ती कोणत्या दवाखान्याच्या बिलात गेली ते मंडळीला सांगावे, म्हणजे तिच्याकडे प्रलोभन म्हणून बोट दाखवणे कठीण जाते, आणि समितीतील भांडणेही निम्म्याने कमी होतात.

राहिला तो बागायतदार. समितीत कोण बरोबर होते हे मला ठाऊक नाही आणि आपणही पहिल्या भेटीत तो विषय काढू नये. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारच्या आत त्याच्याकडे जाऊन यावे, सोबत वहिनींना न्यावे, आणि शक्य झाल्यास समितीतील ज्या सभासदाशी त्याचा वाद झाला त्यालाही, मात्र त्याची मनापासून तयारी असेल तरच. संत्र्याचा आंबिया बहार काढणीला आलेला असेल, तो कामात असेल, तर बांधावर उभे राहून बोलावे. घरी बोलावले तर जावे. नोंदवही पिशवीतच राहू द्यावी. त्याने जे सांगितले ते पूर्ण ऐकून घ्यावे, मध्ये ‘पण’ म्हणू नये, आणि मंडळीची चूक असेल तर तेथेच कबूल करावी. निघताना त्याने परवानगी दिली तर प्रार्थना करावी, त्याच्या मराठीत, त्याच्या मुलांची नावे घेऊन. त्यासाठी ती नावे आधी नोंदवहीतून पाहून ठेवावीत.